लालबागचा मसाला, वसईचा गाळा आणि सरकारी धोरण

प्रश्न लालबागच्या एका ताईंचा आहे. सासूबाईंच्या काळापासून चालत आलेला घरगुती मसाल्यांचा व्यवसाय त्या सांभाळतात. मालवणी, गोडा, मटण मसाला. वर्षाची विक्री ३५ लाखांच्या आसपास, हाताखाली सहा बायका. आता दुकानदारांना आणि परराज्यात माल द्यायचा विचार आहे आणि वसई पूर्वेला एक गाळा बघून ठेवलाय. त्या विचारतात, ‘‘सरकारी धोरणांमुळे लहान धंदा खरंच वाढतो का, की ही सगळी भाषणातली गोष्ट? आणि आम्ही नेमकी कोणती योजना घ्यावी?’’

ताई, साकीनाका, कुर्ला, गोरेगावपासून वसईपर्यंतच्या गाळेवाल्यांची जीएसटीची आणि बँकेची कामं करण्यात माझं उमेदीचं वय गेलं. त्यावरून सरळ सांगतो. धोरणांचा परिणाम होतो, आणि फार मोठा होतो. पण ज्या धोरणाच्या नावात ‘लघुउद्योग’ हा शब्द असतो त्याचा होतो त्यापेक्षा, ज्याच्या नावात तो शब्द कुठेच नसतो त्याचा जास्त होतो. योजनेची जाहिरात स्टेशनवर लागते. तुमचा धंदा वाढवणारा किंवा दाबणारा नियम मात्र विकास आराखड्यात, कराच्या एखाद्या पोटकलमात नाहीतर हायकोर्टाच्या आदेशात बसलेला असतो. म्हणून योजनेचं शेवटी बोलू.

आधी जागा. मुंबईतल्या लहान धंद्याची पहिली अडचण भांडवलाची नाही, जागेची आहे, आणि ती आपोआप झालेली नाही. शहरातली गर्दी कमी करायची म्हणून राज्य सरकारनं १९७४ मध्ये मुंबई महानगरासाठी उद्योगांच्या जागेचं धोरण आणलं. नवे मोठे आणि मध्यम कारखाने शहरात नकोत, ते बाहेर जावेत, असा त्याचा रोख होता. लहानांवर थेट बंदी नव्हती. पण लहान वर्कशॉप जगतं मोठ्या कारखान्याच्या कामावर. मोठा गेला की त्याच्यासाठी बुश आणि ब्रॅकेट करणारा आज ना उद्या त्याच्या मागे जातो. पुढे १९८२ चा गिरणी संप झाला. मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनींचा वापर बदलण्याची वाट उघडली आणि २००१ च्या दुरुस्तीनं ती चांगली रुंद केली. तुम्ही लालबागच्या आहात, त्या वाटेनं काय काय आलं ते तुम्हाला खिडकीतून दिसतं. त्या नियमात मसाल्याचा उल्लेख नव्हता, तरी तुमच्या धंद्यावर त्याचा परिणाम झाला. गिऱ्हाईक विरार-डोंबिवलीला राहायला गेलं आणि चैत्र-वैशाखात कांडप करून घ्यायला तेवढं परत येऊ लागलं. दुसरीकडे गल्लीतल्या गाळ्याचं भाडं ऑफिसच्या भाड्याशी स्पर्धा करू लागलं. शंभर फुटांचं दुकान कसंबसं परवडतं, माल भरून ठेवायला शंभर फूट जास्तीचे घेणं परवडत नाही.

याच्याच जोडीला राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना. ती १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. तिच्यात तालुक्यांचे गट पाडलेले असतात. मुंबई ‘अ’ गटात, म्हणजे पुढारलेला भाग. व्याजात, विजेत, करात मिळणाऱ्या सवलतींचा ओघ ‘ड’ आणि ‘ड+’ तालुक्यांकडे जास्त. मागास भागात उद्योग जावेत म्हणून हे ठीकच आहे, माझी त्याला हरकत नाही. फक्त हिशेब लक्षात घ्या. ‘महाराष्ट्र सरकार लघुउद्योगांना इतक्या सवलती देतं’ असं कुणी मोबाईलवर पाठवलं, तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या गटाला?

आणि घरात किंवा चाळीत विजेवर चालणारं कांडप यंत्र बसवलं की लागू होतो तो मुंबई महापालिका अधिनियम, सन १८८८ चा. त्याच्या ३९० आणि ३९४ कलमांखाली कारखान्याची परवानगी आणि ठरावीक व्यवसायांचे परवाने येतात. स्टार्टअपच्या कितीही घोषणा झाल्या तरी वॉर्ड ऑफिसचा माणूस याच कायद्याचा कागद मागतो.

उलट बाजूही सांगायला हवी. १ जुलै २०१७ ला मुंबईतली जकात गेली. मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवरच्या टेम्पोंच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना या एका गोष्टीचं मोल कळेल. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर तिथेच पैसे भरायचे, पावती घ्यायची, तपासणीत अडकलात तर दिवस गेला. भिवंडीची गोदामं वाढली त्यामागे जकात हे एक मोठं कारण होतं. माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत आणायचा. जकात गेल्यावर वसईत कारखाना आणि दादरला गिऱ्हाईक हे गणित लहान माणसालाही जमू लागलं. तुमचा वसईचा विचार आज व्यवहार्य वाटतो त्याचं श्रेय कुठल्याही लघुउद्योग योजनेला नाही, ते बंद पडलेल्या त्या नाक्यांना आहे.

आता जीएसटी, आणि इथे जरा थांबू, कारण तुमचा खरा निर्णय इथे आहे.

तुमची विक्री ३५ लाख. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा एप्रिल २०१९ पासून ४० लाख आहे. म्हणजे आज तुम्ही बाहेर आहात. पण ही सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरतीच आहे. गोव्याच्या दुकानदाराला करपात्र मालाची एक पेटी पाठवायची म्हटलं तरी उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. म्हणजे परराज्यात जायचा तुमचा विचार हाच नोंदणीचा निर्णय आहे, वेगळा नाही.

लोक लगेच सांगतील, ‘‘कंपोझिशन घ्या, एक टक्का भरा आणि मोकळे व्हा.’’ कंपोझिशन म्हणजे खरेदीची वजावट न घेता एकूण विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय. दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला ती आहे हे खरं. पण त्यात परराज्यात विक्री करता येत नाही. शिवाय गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि तुमच्या बिलावर दुकानदाराला कराची वजावट मिळत नाही. एवढं सगळ्यांना माहीत असतं. फारसं कुणी सांगत नाही ती गोष्ट पुढची आहे, ती आकड्यात बघा.

समजा विक्री ६० लाखांवर गेली. मसाल्यावर कर ५ टक्के आणि तुमची किंमत करासकट. मिरची, धणे, खोबरं, गरम मसाला वाशीच्या बाजारातून ३२ लाखांचा, त्यावर ५ टक्क्यांनी १ लाख ६० हजार. पाऊच, लेबल, गाळ्याचं भाडं, यंत्राची देखभाल असे १८ टक्केवाले खर्च ४ लाख धरा, त्यावर ७२ हजार. खरेदीवर भरलेला एकूण कर २ लाख ३२ हजार.

कंपोझिशनमध्ये तुम्ही ६० हजार भरणार आणि हे २ लाख ३२ हजार तुमच्याच अंगावर पडणार. एकूण २ लाख ९२ हजार. नियमित नोंदणीत ६० लाखांतला कर निघतो सुमारे २ लाख ८६ हजार. त्यातून खरेदीचे २ लाख ३२ हजार वजा होतात आणि रोख भरायचे उरतात ५४ हजारांच्या आसपास. एकूण बोजा २ लाख ८६ हजारच. म्हणजे ५ टक्क्यांच्या मालाला, तुमच्यासारख्या खरेदीच्या प्रमाणात, कंपोझिशननं कर वाचत नाही. वाचते ती कागदपत्रांची दगदग. त्या दगदगीची किंमत सीएच्या फीमध्ये किती पडते ते काढा आणि मग ठरवा. १८ टक्क्यांच्या मालाचं गणित वेगळं येतं, तिथे घरगुती गिऱ्हाईकाला विकणाऱ्याला कंपोझिशन खरंच फायद्याचं पडतं. नियम एकच असला तरी शेजारच्या गाळ्यात त्याचा परिणाम उलटा होऊ शकतो, म्हणून शेजाऱ्याचं ऐकून नोंदणी करू नका.

नियमित नोंदणीत एक धोका मात्र आहे. जानेवारी २०२२ पासून वजावट मिळते ती विकणाऱ्यानं आपल्या रिटर्नमध्ये तुमचं बिल दाखवलं असेल तरच. वाशीच्या एखाद्या व्यापाऱ्यानं बिल दिलं, कर घेतला आणि रिटर्न भरलं नाही, तर तुमचे पैसे अडकले. मोठ्या कंपनीकडे हे बघायला माणूस असतो, तुमच्याकडे तुम्हीच. म्हणून मिरची कोणाकडून घ्यायची हे ठरवताना भावाइतकंच त्याचं रिटर्न वेळेवर जातं का हे बघावं लागतं. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर पोर्टलवर विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांचा २बी हा तक्ता उघडून आपली बिलं त्यात आहेत का हे पाहायची सवय पहिल्या महिन्यापासून लावून घ्या. ज्याचं बिल दोनदा दिसलं नाही त्याचं पुढचं पेमेंट थांबवा, फोनवर विनवण्या करत बसू नका.

आणि उधारी. घरगुती गिऱ्हाईक रोख देतं. दुकानदार आणि हॉटेलवाला देत नाही. कर मात्र बिल फाडलं की लागू होतो, पैसे आले की नाही. साकीनाक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याचं रोजचं उदाहरण सांगतो. २ लाखांचं काम, वर १८ टक्क्यांनी ३६ हजार. पार्टी ९० दिवसांनी देणार. कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. खरेदीची वजावट २० हजार मिळाली असं धरलं तरी १६ हजार त्यानं खिशातून घातले. उशीर केला तर १८ टक्क्यांनी व्याज. महिन्याला अशी पाच बिलं आणि तीन महिन्यांची उधारी म्हटली की सरकारच्या तिजोरीत स्वतःच्या खेळत्या भांडवलातून आगाऊ भरलेली रक्कम सतत दीड-दोन लाखांच्या घरात राहते. त्या पैशात आणखी एक वेल्डिंग मशीन आलं असतं. करदर कमी-जास्त होण्यावर चर्चा होते, या अडकलेल्या पैशावर होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला पॅकबंद फरसाण-नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, छान झालं. पण दर उतरला तरी तारीख तीच राहिली.

उधारीवर सरकारनं कायदा केलेला नाही असं नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायदा स्पष्ट आहे. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे, निकाल ९० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. तिच्या निकालाविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर यापेक्षा कडक काय असणार? पण परिषदेत गेलेला माणूस त्या पार्टीचं पुढचं काम गमावतो हे दोघांनाही माहीत असतं. चक्रवाढ व्याज लावलेलं बिल पाठवलं आणि पुढची ऑर्डरही मिळाली, असं माझ्या फाइलींमध्ये क्वचितच दिसतं.

मग २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारनं दुसरी चावी फिरवली. प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी कलमात ‘एच’ हे पोटकलम आणलं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला थकलेले असले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी दाखवता येईल. म्हणजे त्याच्यावर कर वाढणार. लहानानं तक्रार करायची गरजच नाही, मोठ्याचा ऑडिटरच त्याच्या मागे लागणार. कल्पना म्हणून मला हे कलम फार आवडतं.

मार्च २०२४ मध्ये ते पहिल्यांदा लागू झालं तेव्हा काय झालं ते ऐका. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन-तीन गाळेवाल्यांचे वर्षभर तुंबलेले पैसे एका झटक्यात आले. महिना संपता संपता दुसरे फोन सुरू झाले. एका कंपनीच्या अकाउंट्समधला माणूस माझ्या समोर बसलेल्या पत्राकामवाल्याला स्पीकरवर सांगत होता, ‘‘भाऊ, तुमचं उद्यम सर्टिफिकेट आमच्या फाइलला लावू नका. नाहीतर साहेब म्हणतात पुढच्या वर्षी मिडीयमवाल्याकडूनच घेऊ.’’ उद्यम म्हणजे अशा उद्योगाची सरकारी नोंदणी. कायद्याचं संरक्षण सूक्ष्म आणि लघुला आहे, मध्यमला नाही, आणि निव्वळ व्यापाऱ्यालाही नाही. त्यामुळे पळवाट तिथेच होती. नोंदणी रद्द करा, नाहीतर काम विसरा. भाऊंनी नोंदणी रद्द केली नाही. त्यांच्याकडे तीन गिऱ्हाइकं होती म्हणून ते हे करू शकले. ज्याचं एकच गिऱ्हाईक आहे त्याला कुठलंही कलम फार काळ वाचवत नाही.

त्यातून तुम्हाला घेण्यासारखं एवढं. उद्यम नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅनवर, एजंटला हजार रुपये देऊ नका. दुकानदाराला पहिला माल जायच्या आधी ती करून ठेवा. नोंदणीआधीच्या बिलांवर या कायद्याचा हक्क सांगताना वाद होतो, सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये अशा बिलांना तो हक्क नाही या दिशेनं निकाल दिलाय. क्रमांक बिलावर छापा. आणि नोंदणीत स्वतःला ‘उत्पादक’ दाखवा, कारण तुम्ही खरोखरच कांडता. नुसता माल आणून पाकिटात भरणाऱ्याची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये घेतलंय, पण बँकेच्या प्राधान्यक्रमाच्या कर्जापुरतंच. ४५ दिवसांचं संरक्षण त्यात नाही.

माणसांच्या संख्येवरच्या मर्यादांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. मूळ कायद्यात दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नव्हती, नुसती सूचना द्यायची होती. ही चांगली सुधारणा होती. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, दहा माणसांपासून, प्रॉव्हिडंट फंड वीसपासून. परिणाम असा की मुंबईत नऊ माणसांचे गाळे पुष्कळ सापडतील, अकरा माणसांचे कमी. दहावा माणूस लागला की भावाच्या नाहीतर बायकोच्या नावानं दुसरी फर्म निघते. मग दोन जीएसटी, दोन हिशेब, दोन्ही बँकेला लहान दिसतात आणि कर्ज दोघांनाही अपुरं मिळतं. कामगाराला विमा मिळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण दहाव्या माणसाबरोबर एकदम सगळ्या दहा जणांचा खर्च सुरू होतो, तो पायरीपायरीनं आला असता तर लोकांनी धंदे तोडले नसते. तुमच्या सहा बायका आहेत. आठव्या-नवव्या बाईच्या वेळी हा खर्च मसाल्याच्या किलोमागे किती बसतो ते काढा आणि भावात धरा, फर्म तोडू नका.

लहान राहण्यासाठीच बक्षीस देणारं धोरण आपल्याकडे आधीही होऊन गेलंय. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या अशी राखीव यादी होती. ती फुगत फुगत आठशेच्या वर गेली आणि मग ओसरत एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या वीस वस्तूही तिच्यातून काढल्या. त्या वीसात लोणची-चटण्या होत्या, पाव, मेणबत्त्या, वह्या, अगरबत्त्या, काचेच्या बांगड्या होत्या. मोठ्यांना मज्जाव होता हे खरं, पण लहानानं यंत्रं वाढवली, गुंतवणुकीची रेघ ओलांडली की त्यालाही मज्जाव. त्यामुळे भिंत दोन्ही बाजूंनी होती. आज उलट झालंय. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्या यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत दहा कोटींपर्यंत वाढवली. तुम्ही दहापट वाढलात तरी सूक्ष्मच राहणार आहात, तेवढी काळजी मिटली. मात्र दहा कोटींची फर्म आणि तुम्ही आता एकाच रांगेत उभे आहात, आणि बँकेला सूक्ष्म उद्योगांच्या कर्जाचं लक्ष्य गाठायला ती फर्म तुमच्यापेक्षा सोपी पडते.

एकदम येणारे आदेश हा आणखी एक प्रकार. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांत, २३ जूनपासून, कारवाई सुरू झाली. पिशव्या करणाऱ्यांचं यंत्र कर्जावरचं होतं, हप्ते थांबले नाहीत. ताजं उदाहरण पावाच्या भट्ट्यांचं. हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०२५ ला सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जावं. महापालिकेनं ८ जुलैची मुदत घालून नोटिसा काढल्या. धूर कमी व्हायला हवा, भट्टीपुढे रात्रभर उभा राहणारा कारागीरही तोच धूर गिळतो. पण जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची दगडी भट्टी पाडून नवी ओव्हन बसवायची म्हणजे जागामालकाची संमती, गॅसची जोडणी किंवा वाढीव वीजभार, आणि काम चालू असताना बंद राहणारी विक्री. बरेच बेकरीवाले पागडीवर. जागेचा कागद त्यांच्या नावाचा नाही, तो नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून ओव्हन नाही. पर्यावरणाचं धोरण घरभाड्याच्या जुन्या कायद्याला जाऊन अडकलं. ज्या बेकरीकडे पैसा होता तिनं आधीच बदल केला होता. अशा आदेशांत हेतू क्वचितच चुकतो. चुकते ती मुदत, आणि मुदतीचा भार नेहमी रोकड नसलेल्यावर पडतो. म्हणून नव्या गाळ्यात यंत्र घेताना आवाज, धूळ आणि मिरचीचा ठसका बाहेर जाऊ न देणारी सोय आजच करून घ्या. शेजारच्या गाळ्याची तक्रार आली की नोटीस येते, आणि नोटिशीनंतर केलेलं काम महाग पडतं.

आता योजना आणि कर्ज. तुम्ही पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, नाव ऐकलं असेल. तिचं मुख्य कार्यालय म्हणजे खादी आयोग, आपल्याच विलेपार्ल्यात इर्ल्याला. शहरी भागात महिलेला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान. पण ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, तुमचा चालू आहे. एजंट सांगेल, मुलीच्या नावानं नवा दाखवू. तसं करू नका. अनुदानाची रक्कम हातात येत नाही, ती बँकेत तुमच्या नावावर तीन वर्षं ठेवीत राहते, पाहणी होते आणि मगच कर्जात वळती होते. त्यात खोट निघाली तर व्याजासह अख्खं कर्ज तुमच्या मुलीच्या डोक्यावर. चालू खाद्यउद्योगासाठी २०२० मध्ये आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, पीएमएफएमई, तुमच्या कामाची. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. ती अर्जासाठी खुली असेल तर जरूर भरा, पण यंत्र तुम्ही अनुदानाशिवायही घेणार असाल तरच.

तारण नाही म्हणून कर्ज नाही असं बँक म्हणाली, तर ठरावीक रकमेपर्यंत (२०१० मध्ये ती १० लाख होती) सूक्ष्म-लघु उद्योगाकडून तारण मागू नये हा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे, त्याची नम्रपणे आठवण करून द्या. त्यावरच्या कर्जाला सीजीटीएमएसई या सरकारी हमी निधीची हमी मिळू शकते. ती हमी बँकेला असते, तुम्हाला नव्हे. हप्ते थकले तर बँकेला पैसे मिळतील, तुमचं देणं संपणार नाही आणि सिबिलही जायचं ते जाईलच.

खरं महत्त्व मात्र खेळत्या भांडवलाच्या मर्यादेला आहे, आणि तिथे एक जुना नियम तुमच्या विरोधात जातो. लहान उद्योगाला वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २० टक्के कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं काढायचं खेळतं कर्ज, द्यावं, ही नायक समितीची पद्धत नव्वदच्या दशकापासून चालू आहे. तिच्यामागे गृहीत असं की पैसा वर्षातून चार वेळा फिरतो. म्हणजे २५ टक्के भांडवल लागतं, त्यातले २० बँकेचे आणि ५ तुमचे. ६० लाखांच्या विक्रीला १२ लाख बँकेचे, ३ लाख तुमचे. पण मसाल्याचा पैसा चार वेळा फिरतो का? मिरची फेब्रुवारी ते मेमध्ये घ्यायची, तेव्हा भाव आणि रंग दोन्ही चांगले, आणि वापरायची वर्षभर. उन्हाळ्यात तुम्हाला एकदम १८-२० लाख लागतात, नोव्हेंबरमध्ये पाचही पुरतात. बँकेचा कारकून सूत्र लावून १२ वर थांबतो आणि उरलेल्यासाठी तुम्ही सोनं ठेवता किंवा पावसाळ्यात चढ्या भावानं मिरची घेता. अनुदानाच्या दहा लाखांपेक्षा हे नुकसान दरवर्षी होतं, म्हणून मोठं आहे. यावर उपाय आहे. अर्जाबरोबर महिनावार खरेदी-विक्रीचा तक्ता जोडा, मागच्या दोन वर्षांची वाशीची बिलं लावा आणि ‘हंगामी मर्यादा’ अशा स्पष्ट शब्दांत मार्च ते जुलैसाठी जास्त रक्कम मागा. किमान २० टक्के द्या असं सूत्र म्हणतं, जास्त देऊ नका असं म्हणत नाही. गरज दाखवली तर शाखा व्यवस्थापकाला वर पाठवता येतं. यासाठी सगळी विक्री खात्यातून दिसली पाहिजे, रोखीतली निम्मी विक्री लपवून बँकेकडे पूर्ण मर्यादा मागता येत नाही.

कोविडमध्येही हेच दिसलं. मे २०२० मध्ये सरकारनं तीन लाख कोटींच्या हमीकर्जाची योजना आणली, आधीच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज, तारणाशिवाय. चांगली होती, वेळेवर आली, अनेक गाळे तिनं वाचवले. पण ज्याचं आधी कर्जच नव्हतं त्याला शून्याचे २० टक्के मिळाले. कर्ज नको म्हणून अभिमानानं धंदा करणारे माझे कितीतरी मालवणी, घाटी अशिल तेव्हा रांगेबाहेर राहिले. त्यामुळे छोटीशी का होईना, कॅश क्रेडिट मर्यादा चालू ठेवा, वापरली नाही तरी.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी उद्यम, मग नियमित जीएसटी, कारण परराज्यात जायचंय. त्यानंतर हंगामी मर्यादेचा अर्ज, तो जानेवारीत बँकेच्या टेबलावर हवा. यंत्राचं कर्ज आणि अनुदान त्याच्यामागून. लालबागचं दुकान सोडू नका. माल वसईत बनला तरी गिऱ्हाईक नाव लालबागचं घेतं, आणि रोख पैसा तिथूनच येतो. दुकानदारांची उधारी सुरुवातीला एकूण विक्रीच्या चौथाईपेक्षा वर जाऊ देऊ नका.

वसईच्या गाळ्याबद्दल, अनामत देण्याआधी चार गोष्टी मागा. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणि औद्योगिक वापराचा कागद, नसेल तर अन्न परवाना आणि बँक दोन्ही अडू शकतात. महावितरणचं शेवटचं बिल, त्यावर मंजूर भार किती आणि जोडणी कुठल्या वर्गातली ते वाचा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर ती नव्या जोडणीच्या वेळी तुमच्या गळ्यात पडू शकते. करार नोंदणीकृतच, किमान तीन वर्षांचा, कारण यंत्राचं कर्ज त्याहून कमी मुदतीच्या जागेवर बँक सहसा देत नाही. आणि जागामालक भाड्यावर जीएसटी लावणार असेल तर त्याचा क्रमांक घेऊन पोर्टलवर तपासा. भाड्यावरच्या १८ टक्क्यांची वजावट त्याच्या रिटर्नवर अवलंबून आहे. मालक ‘‘कागद नंतर देतो, आधी टोकन द्या’’ म्हणाला, तर त्याच रस्त्यावर दुसरे गाळे आहेत.